जुना गाभा, नवा गाभा

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केलेल्या या वेधशाळेत 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर आणि गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनीही काम केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी वेधशाळेपुढे एक अडचण उभी राहिली. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार होत्या. रुळांतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या नाजूक उपकरणांच्या नोंदींत मिसळणार, हे उघड होते. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात चुंबकीय उपकरणांसाठी सुमारे ३० किलोमीटर दूर असलेली अलिबागची जागा निवडण्यात आली. तेथील इमारतीसाठी अचुंबकीय असा पोरबंदरचा दगड वापरला गेला.

या स्थलांतरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. अलिबागचे काम सुरू झाले म्हणून कुलाब्याचे बंद करण्यात आले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. असे का केले असेल? समजा, एके दिवशी कुलाबा बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू केले असते, तर आकड्यांत एकदम फरक दिसला असता. तो फरक पृथ्वीच्या क्षेत्रात पडला की केवळ जागा बदलल्यामुळे पडला, हे कोणालाच सांगता आले नसते. दोन वर्षांच्या दुहेरी नोंदींमुळे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळवता आला. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोपर्यंत हे काम पुरे झाले होते. हा वारसा पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आला आणि तिचे मुख्यालय आज आपल्या नवीन पनवेलमध्ये आहे.

पायाच बदलायचा असेल, तर जुना पाया नव्याची खात्री पटेपर्यंत काढायचा नाही, हा त्या दोन वर्षांचा धडा. याच धड्याची गरज आता अगदी वेगळ्या ठिकाणी, म्हणजे शाळेच्या संगणक-कक्षात पडू लागली आहे. अनेक शाळांतील जुन्या किंवा देणगीदाखल मिळालेल्या संगणकांवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली वापरली जाते. कधीतरी ती अद्ययावत केली जाते, संगणक पुन्हा सुरू होतो आणि लक्षात येते की कालपर्यंत चालणारे नेटवर्क बंद आहे, किंवा आवाज येत नाही, किंवा प्रोजेक्टरवर चित्र उमटत नाही. पडद्यावर 'मॉड्यूल भरता आले नाही' अशा अर्थाची एखादी इंग्रजी ओळ दिसते. संगणक बिघडला असे समजून तो कोपऱ्यात ठेवला जातो. वास्तविक बहुतेक वेळा संगणकाचे काहीच बिघडलेले नसते. जुना गाभा आणि नवा गाभा यांचा सांधा कोठेतरी जुळलेला नसतो, एवढेच. तो कोठे जुळला नाही हे ती ओळ सांगत असते. अशा प्रत्येक ओळीमागे लिनक्सच्या इतिहासातील एकेक निर्णय आहे. ते निर्णय समजले की दुरुस्तीची वाट आपोआप दिसते.

गाभा आणि त्याचे सुटे भाग

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. आपण वापरतो त्या आज्ञावली चकती, पडदा, कळफलक यांच्याशी थेट बोलत नाहीत. त्या कर्नलला विनंती करतात आणि कर्नल ते काम करवून घेतो. प्रत्येक उपकरणाशी बोलण्याची रीत वेगळी असल्यामुळे कर्नलजवळ त्या त्या उपकरणाची 'चालक' आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, असावा लागतो.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याच्यापाशी ३८६ प्रोसेसरचा एक संगणक होता आणि त्या संगणकापुरते चालक त्याच्या कर्नलमध्ये होते. कर्नल कसा असावा याविषयी तेव्हा दोन मते होती. एका मतानुसार गाभा अगदी लहान ठेवून चालक त्याच्या बाहेर, स्वतंत्र आज्ञावलींच्या रूपात असावेत. दुसऱ्या मतानुसार सगळे एकाच मोठ्या गाभ्यात असावे, म्हणजे काम वेगाने होते. जानेवारी १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम आणि टोरवाल्ड्स यांच्यात यावरून चांगलाच वाद झाला. टोरवाल्ड्सने दुसरी वाट धरली.

या वाटेवर एक काटा होता. लिनक्सचे वापरणारे वाढले, तशी निरनिराळी उपकरणेही वाढली. सगळ्यांचे चालक गाभ्यात घातले तर तो अवाढव्य होतो आणि त्या काळी अवघ्या चार मेगाबाइट स्मृतीच्या संगणकात मावत नाही. हवे तेवढेच घालायचे तर प्रत्येकाने आपल्यापुरता कर्नल स्वतः संकलित करायचा. त्या काळच्या संगणकावर यात तासचे तास जात. यावर उपाय म्हणून सुट्या भागांची, म्हणजे मॉड्यूलांची, व्यवस्था आली. सनओएससारख्या काही युनिक्स प्रणालींत ही कल्पना आधीपासून होती. लिनक्समध्ये ती १९९४ ची १.० आणि १९९५ ची १.२ या आवृत्त्यांच्या काळात रुजली. चालू कर्नलमध्ये हवा तो चालक भरायचा आणि नको झाला की काढायचा. १९९६ च्या २.० आवृत्तीत उपकरणाची गरज पडताच मॉड्यूल आपोआप भरण्याची सोय झाली आणि १९९९ च्या २.२ आवृत्तीत ते काम कर्नलने स्वतःकडे घेतले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मॉड्यूल भरले गेले की ते गाभ्याचाच भाग होते. साध्या आज्ञावलीने चूक केली तर कर्नल तिला थांबवू शकतो. मॉड्यूलने चूक केली तर थांबवणारे कोणी उरत नाही आणि अख्खा संगणक कोसळतो. म्हणून मॉड्यूलला आत घेण्यापूर्वी दारावर तपासणी असते. अद्ययावत केल्यानंतर आपल्याला दिसणारे बहुतेक संदेश याच तपासणीचे असतात. ते आता एकेक करून पाहू. आज्ञांची व यादींची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत. प्रत्यक्षात ती लहान रोमन अक्षरांत टंकित होतात.

पहिला संदेश : मॉड्यूल सापडत नाही

लिनक्समध्ये प्रत्येक कर्नल-आवृत्तीची मॉड्यूले 'लिब' कप्प्यातील 'मॉड्यूल्स' या कप्प्यात, त्या आवृत्तीच्या नावाच्या वेगळ्या उपकप्प्यात राहतात. त्यामुळे दोन कर्नल एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदू शकतात. कोणते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे याची यादी 'डेपमॉड' ही आज्ञा तयार करते आणि 'मॉडप्रोब' ती यादी वाचून मॉड्यूले योग्य क्रमाने भरते.

या रचनेतून दोन अडचणी निघतात. पहिली अगदी साधी आहे. नवा कर्नल चकतीवर आला, पण संगणक पुन्हा सुरू केलेला नाही. चालू आहे तो जुनाच गाभा. काही वितरणांत अद्ययावत करतानाच जुन्या आवृत्तीचा कप्पा काढून टाकला जातो. अशा वेळी नवा पेनड्राइव्ह लावला की कर्नल आपल्या नावाचा कप्पा शोधतो आणि तो नसतोच. 'यूनेम -आर' ही आज्ञा चालू कर्नलची आवृत्ती सांगते. ती आणि कप्प्याचे नाव जुळत नसेल, तर संगणक पुन्हा सुरू करणे हाच उपाय.

दुसरी अडचण अशी की कप्पा आहे, पण हवे ते मॉड्यूल त्यात नाही. कर्नलबरोबर येणारे चालक नव्या कप्प्यात आपोआप येतात. बाहेरून, म्हणजे कार्ड बनवणाऱ्या कंपनीकडून घेऊन बसवलेला चालक मात्र जुन्याच कप्प्यात राहतो. दर वेळी हातांनी तो पुन्हा संकलित करण्याचा त्रास वाचावा म्हणून २००३ मध्ये डेल कंपनीतील अभियंत्यांनी 'डीकेएमएस' ही व्यवस्था पुढे आणली. ती मॉड्यूलचा मूळ मजकूर जपून ठेवते आणि नवा कर्नल आला की त्याच्यासाठी मॉड्यूल पुन्हा घडवते. यासाठी नव्या कर्नलची 'हेडर' संचिका संगणकावर असावी लागते. ती नसली की डीकेएमएसचे काम थांबते, आणि पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा बाहेरचा चालक असेल तर आधी हेडर आहेत का, ते पाहावे.

दुसरा संदेश : मॉड्यूलचे स्वरूप अवैध

हा संदेश वाचून संचिका खराब झाली असावी, असे वाटते. तसे क्वचितच असते. प्रत्येक मॉड्यूलमध्ये एक छोटी ओळ कोरलेली असते. ते कोणत्या कर्नल-आवृत्तीसाठी आणि कोणत्या मुख्य पर्यायांसह घडवले आहे, याची ती खूण असते. कर्नल ही ओळ आपल्या ओळीशी ताडून पाहतो. जुळली नाही तर दार बंद. 'मॉडइन्फो' ही आज्ञा मॉड्यूलमधील ही ओळ दाखवते.

पण नुसत्या आवृत्तीच्या आकड्याने काम भागते का? नेरळहून माथेरानला जाणाऱ्या गाडीचा डबा आणि पनवेलहून सुटणाऱ्या गाडीचा डबा, दोन्ही डबेच. एकाच्या चाकांतील अंतर ६१० मिलिमीटर आणि दुसऱ्याचे १६७६. डब्यावर नाव काहीही रंगवले, तरी शेवटी मोजावे लागते ते चाकांतील अंतर. नेमका हाच विचार स्वीडनच्या ब्यर्न एक्वाल यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात मॉड्यूलांबाबत केला. कर्नल आपली जी कार्ये मॉड्यूलांना वापरू देतो, त्या प्रत्येकाच्या घडणीवरून, म्हणजे ते किती आणि कोणत्या प्रकारची मूल्ये घेते व काय परत देते यावरून, एक तपासणी-अंक काढायचा. मॉड्यूल घडवताना तो अंक त्यात नोंदवायचा आणि भरताना ताडून पाहायचा. समजा, जुन्या कर्नलमधील एक कार्य दोन मूल्ये घेत होते आणि नव्यात ते तीन घेऊ लागले. नाव तेच राहिले, पण अंक बदलला. 'अमुक चिन्हाच्या आवृत्तीबाबत मतभेद' असा संदेश येतो तो येथून.

डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीसाठी ऑस्ट्रेलियाचे रस्टी रसेल यांनी मॉड्यूल भरण्याची यंत्रणा नव्याने लिहिली. त्यापूर्वी मॉड्यूलची जोडणी करण्याचे बरेचसे काम बाहेरील आज्ञावली करीत असे. ते आता कर्नलच्या आत आले. मॉड्यूलाच्या संचिकांच्या नावापुढे 'केओ' ही अक्षरे लागू लागली ती तेव्हापासून.

तपासणी डावलून मॉड्यूल बळेच भरण्याची सोयही आहे. ती वापरू नये. रुंद रुळावर अरुंद डबा ठेवता येतो, चालवता येत नाही.

तिसरा संदेश : अनोळखी चिन्ह

मॉड्यूलला हवे असलेले कार्य नव्या कर्नलमध्ये मिळालेच नाही, तर 'अनोळखी चिन्ह' असा संदेश येतो. याचे एक कारण किरकोळ असते: ज्यावर ते अवलंबून आहे ते दुसरे मॉड्यूल आधी भरलेले नसते. 'मॉडप्रोब' वापरले की ही काळजी घेतली जाते. दुसरे कारण मात्र मुळाशी जाते.

आपल्या आज्ञावलींशी केलेला करार लिनक्सचा कर्नल सहसा मोडत नाही. वीस वर्षांपूर्वीची आज्ञावलीही पुष्कळदा आज चालते. आतील मॉड्यूलांशी मात्र त्याने असा कोणताही करार केलेला नाही. अंतर्गत रचना केव्हाही बदलेल, हे कर्नलच्या प्रमुख विकासकांपैकी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे की चालक कर्नलच्या मूळ मजकुरातच समाविष्ट करा, म्हणजे अंतर्गत बदल करणाराच तुमचा चालकही दुरुस्त करील. जो बाहेर राहील त्याने दर आवृत्तीमागे धावावे. या धोरणामुळे जुने, निकामी झालेले भाग सांभाळत बसण्याचे ओझे कर्नलवर राहत नाही. किंमत मोजावी लागते ती बाहेर राहणाऱ्यांना.

आणि काहींना तर आत येण्याची वाटच नसते. पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने 'झेडएफएस' ही चकतीवरील माहिती सांभाळणारी उत्तम प्रणाली तयार केली आणि २००५ मध्ये तिचा मूळ मजकूर खुला केला. तो ज्या परवान्याखाली खुला झाला, तो आणि लिनक्सचा जीपीएल परवाना हे दोन्ही मुक्त असले तरी एकमेकांशी जुळत नाहीत, असे मानले जाते. त्यामुळे झेडएफएस लिनक्सच्या कर्नलमध्ये समाविष्ट होऊ शकली नाही. मॉड्यूल म्हणून बाहेरच राहिली. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने ती लिनक्सवर आणण्याचे बरेच काम केले होते. त्यात नेहमीच्या संचिका वापरण्यासाठी लागणारा वरचा थर नव्हता. तो थर केक्यू इन्फोटेकच्या अभियंत्यांनी लिहिला, २०१० मध्ये त्याची घोषणा केली आणि जानेवारी २०११ मध्ये ते मॉड्यूल सर्वांसाठी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ती कंपनी अमेरिकेच्या एसटेक कंपनीने घेतली. पुढे झेडएफएसचे काम लिव्हरमोरच्या प्रकल्पातून चालू राहिले.

बाहेर राहण्याची किंमत काय असते, हे २०१९ मध्ये दिसले. लिनक्सच्या २.४ मालिकेपासून, म्हणजे २००१ च्या सुमारापासून, प्रत्येक मॉड्यूलने आपला परवाना सांगण्याची रीत आली आहे. कर्नलची काही कार्ये फक्त जीपीएल परवान्याच्या मॉड्यूलांनाच वापरता येतात. ५.० आवृत्तीत प्रोसेसरची जलद गणनाची सोय वापरण्यासाठी लागणारे एक कार्य काढून टाकले गेले आणि त्याचा जो पर्याय उरला तो फक्त जीपीएलवाल्यांसाठी होता. झेडएफएसला तपासणी-बेरजा वेगाने करण्यासाठी नेमके तेच हवे होते. काही काळ जलद गणना बंद ठेवून काम चालवावे लागले आणि नंतर स्वतःची वेगळी व्यवस्था लिहावी लागली. कर्नलचा बदल एका ओळीचा असला, तरी बाहेर राहणाऱ्याला तो किती महाग पडतो ते यावरून कळते.

शाळेसाठी यातून निघणारा निष्कर्ष व्यवहारी आहे. नवे नेटवर्क कार्ड किंवा छापयंत्र घेताना त्याचा चालक लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे का, हे आधी विचारावे. असेल तर बहुतेक त्रास वाचतो. बाहेरचा असेल, तर त्या चालकाची नवी आवृत्ती येईपर्यंत कर्नल बदलण्याची घाई करू नये.

चौथा संदेश : आवश्यक किल्ली उपलब्ध नाही

हा संदेश त्या मानाने नवा आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' असलेले संगणक बाजारात आले. ज्यावर ओळखीची सही आहे तेवढाच गाभा सुरू करायचा, असा त्यात दंडक असतो. गाभ्यावर सही आणि मॉड्यूलवर नाही, तर या दंडकाला अर्थ उरत नाही; चोर मागच्या दाराने आत येईल. डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीत मॉड्यूलांवर सही करण्याची सोय लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आली. वितरणाबरोबर येणाऱ्या मॉड्यूलांवर त्या वितरणाची सही असते. आपण घरी घडवलेल्यावर नसते.

येथे सिक्युअर बूट बंद करून मोकळे व्हावे, असा मोह होतो. त्यापेक्षा स्वतःची किल्ली तयार करून ती संगणकात एकदा नोंदवावी आणि आपल्या मॉड्यूलवर तिने सही करावी. उबुंटूसारख्या वितरणात डीकेएमएस हे काम करून देते. फक्त पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर विचारलेल्या प्रश्नाला 'नोंदणी करा' असे उत्तर द्यावे लागते. घाईत तो पडदा ओलांडला गेला की सही निरुपयोगी ठरते.

मॉड्यूल भरले, तरीही उपकरण गप्प

कधी कधी कोणताही नकार न येता मॉड्यूल भरले जाते, 'एलएसमॉड' या आज्ञेच्या यादीत ते दिसते आणि तरीही उपकरण चालत नाही. अशा वेळी फर्मवेअरकडे पाहावे. अनेक कार्डांच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याची आज्ञावली संगणक सुरू होताना कर्नलने त्याला पुरवायची असते.

आपल्या रायगड जिल्ह्यातील एक उदाहरण देण्यासारखे आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत झाला. पहिली ते चौथीच्या विसाहून थोड्या अधिक मुलांना 'एक्सओ' नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. त्यांत फेडोरा वितरणावर आधारलेली लिनक्स प्रणाली होती. हे लॅपटॉप एकमेकांशी बिनतारी जाळे जोडत. त्यासाठीचा 'लिबर्टास' हा चालक त्याच वर्षी, २.६.२२ या आवृत्तीत, लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आला होता. चालक खुला होता. पण कार्डाच्या आत चालणारे फर्मवेअर बंदिस्त होते आणि ते वेगळ्या संचिकेतून यायचे. चालक आणि फर्मवेअर या दोन्ही गोष्टी जागेवर असतील तरच जाळे जुळणार, अशी ही रचना.

पुढे फर्मवेअरच्या संचिका कर्नलच्या मजकुरातून वेगळ्या काढून स्वतंत्र संचात ठेवल्या गेल्या. त्यामुळे कर्नल नवा आणि फर्मवेअरचा संच जुना, अशी स्थिती होऊ शकते. नवा चालक नवी संचिका मागतो आणि ती नसते. 'डी-मेसेज' या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या रोजनिशीत हव्या त्या संचिकेचे नाव सरळ लिहिलेले असते. फर्मवेअरचा संच अद्ययावत केला की काम होते.

सगळ्यांत घाबरवणारा प्रकार म्हणजे नवा गाभा सुरूच न होणे. चकती वाचण्याचा चालक चकतीवरच ठेवलेला असेल, तर चकती वाचणार कशी? हा कोंबडी-अंड्याचा प्रश्न सोडवण्यासाठी सुरुवातीला लागणारी मॉड्यूले एका छोट्या गाठोड्यात बांधून कर्नलबरोबर स्मृतीत आणली जातात. या गाठोड्याला 'इनिट-रॅम-एफएस' म्हणतात. 'बूट' कप्प्यात जागा संपली असेल तर अद्ययावत करताना हे गाठोडे अर्धवट बांधले जाते. दोन-तीनपेक्षा जास्त जुने कर्नल साठले असतील, तर ते काढून जागा करावी आणि गाठोडे पुन्हा बांधून घ्यावे.

तपासाचा क्रम

वरील सर्व गोष्टींतून तपासाचा एक क्रम तयार होतो. चालू कर्नल कोणता? त्याच्या नावाचा कप्पा आहे का? हवे ते मॉड्यूल त्यात आहे का? ते कोणत्या कर्नलसाठी घडले आहे? ते भरताना कर्नल काय म्हणतो? भरल्यावर रोजनिशीत काय लिहिले आहे? हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन उपाय एकदम केले आणि यंत्र चालू झाले, तर कशामुळे झाले ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना आपण चल राशी एका वेळी एकच बदलायला सांगतो, तो नियम येथेही तसाच लागू पडतो.

या सर्वांच्या आधीची पायरी सोपी आहे. संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीत 'प्रगत पर्याय' निवडले की जुन्या कर्नलचे नाव सापडते. तो निवडावा. जुन्या कर्नलवर नेटवर्क चालले, तर कार्ड, तार आणि जोडणी तिन्ही ठीक आहेत आणि दोष नव्या सांध्यात आहे, हे दोन मिनिटांत सिद्ध होते. जुन्यावरही चालले नाही, तर कर्नलला दोष देण्याचे कारण उरत नाही. बहुतेक प्रमुख वितरणे नवा कर्नल बसवताना निदान एक जुना कर्नल ठेवतात, ते यासाठीच. जागा वाचवण्याच्या नादात तो काढून टाकू नये. नव्या कर्नलवर नेटवर्क, आवाज, प्रोजेक्टर आणि छापयंत्र अशी चारही कामे तपासून झाल्यावर, वर्गाचे काही दिवस सुरळीत गेल्यावर मगच जुन्याला निरोप द्यावा.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांबरोबर हा तपास एक उपक्रम म्हणून करता येईल. चालू असलेल्या संगणकावर 'एलएसमॉड'ची यादी काढावी, त्यातील पाच मॉड्यूले निवडावी आणि प्रत्येक कोणत्या उपकरणासाठी आहे ते 'मॉडइन्फो'ने शोधावे. मग जुन्या आणि नव्या कर्नलवर हीच यादी काढून दोन्हींतील फरक वहीत लिहावा. तारीख, कर्नलची आवृत्ती, काय चालले, काय चालले नाही, अशा चार रकान्यांची ही वही संगणक-कक्षात कायमची ठेवावी. पुढच्या वर्षी कोणी नवा शिक्षक आला, तर त्याला पहिली मदत त्या वहीची होईल. कुलाबा आणि अलिबाग यांचा सांधा आज आपण जाणतो, तो त्या दोन वर्षांत दोन्ही ठिकाणी कोणीतरी रोज, न चुकता, आकडे लिहून ठेवले म्हणूनच.